अनोळखी ताटाची ओळख

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत राजाजीनगर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत माझ्या आधीच्या वक्त्यांनी संतवाङ्मय, नाट्यसंगीत आणि बृहन्महाराष्ट्रातील मराठी शिक्षण असे भारदस्त विषय मांडले. त्यांच्या पाठोपाठ मी थाई जेवणावर बोलणार हे कार्यक्रमपत्रिकेत वाचून काहींना हसू आले असेल. परंतु हा विषय मी थट्टेने निवडलेला नाही. आपल्या घराघरांतून रविवारी संध्याकाळी जो एक लहानसा वाद होतो, त्यातून तो निघालेला आहे. मुले म्हणतात, ‘आज थाई खायला जाऊ या.’ आजी-आजोबा म्हणतात, ‘तुम्ही जा, आम्हाला दहीभात पुरे.’ आणि मधली पिढी दोघांकडे पाहत दारात उभी असते.

वडीलधाऱ्यांच्या या नकारात दोन शंका असतात. पहिली, हे अन्न आपल्या पोटाला आणि आपल्या आचाराला चालेल का? दुसरी शंका ते सहसा बोलून दाखवीत नाहीत. पण ती अधिक खोल आहे. असेच चालत राहिले तर आपली नातवंडे पुढे आपले म्हणून काय खातील? पहिल्या शंकेचे उत्तर माहितीने देता येते. दुसरीचे उत्तर आपल्याला आपल्याच घरात शोधावे लागेल. मी दोन्हींविषयी यथामती बोलणार आहे.

प्रथम आपण जेथे बसलो आहोत त्या जागेविषयी. राजगोपालाचारींच्या नावाचे हे उपनगर स्वातंत्र्यानंतर उद्योगांच्या आश्रयाने वाढले. शेजारी मल्लेश्वरमच्या पश्चिम अंगाला किर्लोस्कर इलेक्ट्रिकचा कारखाना होता. ती कंपनी १९४६ साली बंगळुरात स्थापन झाली. अशा कारखान्यांच्या नोकऱ्यांमुळे कितीतरी मराठी कुटुंबे या बाजूला येऊन राहिली. ज्या परिसरात कारखान्याचा भोंगा वाजत असे, तेथे आज ओरायन मॉल उभा आहे. २०१४ पासून मेट्रो आपल्या डोक्यावरून धावते आहे, आणि दर्शिनीत उभ्याने खाल्लेल्या इडलीपासून थाई रश्श्यापर्यंत सारे काही चालण्याच्या अंतरावर मिळू लागले आहे.

मराठी माणसाचे या शहराशी नाते अर्थात त्याहून पुष्कळ जुने. १६३८ साली विजापूरच्या फौजांनी बंगळूर घेतले आणि ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले, हे आपणांस ठाऊक आहे. पुढे व्यंकोजीराजांनी तंजावरास राज्य केले. तेथील मराठी मुदपाकखान्यात संभाजीराजांच्या सन्मानार्थ सांबार जन्मले, अशी एक कथा आपण अभिमानाने सांगतो. ती आख्यायिका आहे, इतिहास म्हणून तिच्यावर भार टाकू नये. पण परमुलखात गेलेल्या मराठी मंडळींनी तेथल्या चुलीशी सोयरीक जोडली, हे तिचे तात्पर्य खोटे नाही. आपल्यातील ज्येष्ठ भगिनींनी नव्या संसारात काय केले? येथे आल्यावर त्यांना सारू आणि हुळी यांतला फरक शिकावा लागला. नाचणीचा मुद्दे चावायचा नसतो, गिळायचा असतो, हे शेजारणीने दाखवावे लागले. गोज्जूची चव घेताच पंचामृताची आठवण झाली, आणि ओब्बट्टू म्हणजे पुरणपोळीची सख्खी बहीण हे कळल्यावर परके शहर थोडे जवळ आले. अनोळखी ताटापुढे बसण्याचा अनुभव आपल्याला नवा नाही. त्या शिक्षणाला वर्षे लोटली, म्हणून ते शिक्षण होते हे आपण विसरलो, एवढेच.

आता थाई ताटाकडे वळू. पदार्थांच्या आधी शब्द ऐका. थाई भाषेत अन्नाला ‘आहान’ म्हणतात. तो आपला ‘आहार’च होय; त्या भाषेत शब्दाच्या अखेरचा ‘र’ ‘न’सारखा उच्चारला जातो. चवीला ते ‘रोत’ म्हणतात, आणि तो ‘रस’ आहे. शाकाहाराला त्यांचा शब्द आहे ‘मांगसाविरात’, म्हणजे ‘मांस’ आणि ‘विरति’. पाली आणि संस्कृत यांच्या वाटेने हे शब्द तिकडे गेले. ज्यांची राजधानी शतकानुशतके अयुथ्या, म्हणजे अयोध्येच्या नावाची नगरी होती, आणि ज्यांचे राष्ट्रीय महाकाव्य ‘रामकियेन’ हे रामकथेवर उभे आहे, त्या लोकांचे ताट आपल्याला अगदीच परके असण्याचे कारण नाही.

गेल्या वर्षी मंडळातील आम्ही चार कुटुंबे, आजोबांपासून नातवंडांपर्यंत, याच वस्तीतील एका लहानशा थाई उपाहारगृहात गेलो होतो. प्रथम आले ‘सोम ताम’. सोम म्हणजे आंबट, ताम म्हणजे कांडलेले. कच्च्या पपईचा कीस, लांब शेंगा आणि टोमॅटो हे मिरची-लसणीबरोबर उखळीत हलकेच कांडतात, आणि त्यांत लिंबाचा रस, माडाचा किंवा ताडाचा गूळ व भाजलेले शेंगदाणे घालतात. मूळ पाककृतीत सुकी कोळंबी आणि माशांचे खारे पाणीही असते. आमच्यासाठी ती वगळली होती. आमच्या बरोबरच्या एका ऐंशी वर्षांच्या काकूंनी एक घास घेतला, क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, ‘ही तर आपली कोशिंबीर. फोडणी द्यायची तेवढी राहिली.’ साऱ्या टेबलावर हशा पिकला, पण काकूंचे निदान अचूक होते. आंबट, गोड, खारट आणि तिखट यांचा मेळ, त्यावर दाण्याचा खमंगपणा, हे खमंग काकडीचेच गणित आहे. आपण ते तूप-जिऱ्याच्या फोडणीने पुरे करतो. ते उखळीत पुरे करतात.

त्यानंतर ‘तोम याम’ हे आंबट-तिखट सार आले. त्याचा वास येताच एक आजोबा म्हणाले, ‘हा तर चहा.’ त्यांचेही चुकले नव्हते, कारण त्या साराचा प्राण म्हणजे आपली गवती चहा. आपण तिची हिरवी पाती उकळत्या चहात टाकतो. थाई स्वयंपाकी तिचा खालचा पांढरा, जाड दांडा ठेचून वापरतो. तिच्या जोडीला एक आल्यासारखे मूळ असते. ते कुलिंजनाचे, घसा मोकळा राहावा म्हणून आपले गवई तोंडात धरतात तेच. तिसरी वस्तू म्हणजे खडबडीत सालीच्या एका लिंबाची पाने, एकापुढे एक दोन जोडल्यासारखी दिसणारी. या तिन्ही वस्तू वासासाठी असतात, खाण्यासाठी नव्हेत. आपण जसा कढीलिंब किंवा दालचिनीचा तुकडा ताटाच्या कडेला काढून ठेवतो, तशा त्या काढून ठेवाव्यात. प्रथमच जाणाऱ्याने एवढे लक्षात ठेवले तरी दातांचे श्रम आणि मनाचा त्रागा वाचेल.

मग हिरवा रस्सा, ज्याला ते ‘केंग ख्याओ वान’ म्हणतात. येथे आपल्या गृहिणींना रस वाटावा असे पुष्कळ आहे. हिरव्या मिरच्या, कुलिंजन, गवती चहा, लसूण, छोटे कांदे, कोथिंबिरीची मुळे, धने, जिरे आणि मिरी यांचे ते वाटण असते. कोथिंबिरीची पाने घेऊन मुळे आपण टाकून देतो; त्यांच्या लेखी मुळांतच खरी चव. हे वाटण परतायला ते तेल घेतातच असे नाही. नारळाचे पहिले दाट दूध आटवत नेले की त्यातूनच तेल सुटू लागते, आणि त्या तेलात वाटण परततात. ‘तेल सुटेपर्यंत परतावे’ हे वाक्य आपल्या प्रत्येक पाककृतीत असते. येथे ते तेल नारळाच्या पोटातून येते. कोकण-गोव्याकडच्या माणसाला हा रस्सा समजावून सांगावा लागत नाही. देशावरच्या माणसाला मात्र नारळाच्या दुधाचा हा गोडसर स्निग्धपणा पहिल्या वेळी जड वाटतो. त्याने तो नुसता न खाता भाताबरोबर थोडा थोडा घ्यावा. कारण थाई ताटाचाही धनी भातच आहे. ‘जेवणे’ या अर्थी ते ‘किन खाओ’ म्हणतात, आणि त्याचा शब्दशः अर्थ भात खाणे. सगळे पदार्थ मध्ये ठेवून प्रत्येकाने आपल्या भातावर थोडे थोडे वाढून घ्यायचे, ही त्यांची रीत. एकेकाने एकेक वाडगा आपल्यापुढे ओढून बसले, तर त्या जेवणाची गंमत हाती लागत नाही. तेथे शेवयांच्या पदार्थांसोबत साखर, मिरचीची पूड, मिरची घातलेला शिरका आणि माशांचे खारे पाणी यांच्या वाट्या येतात. आपल्या ताटाच्या डाव्या बाजूचे मीठ, लिंबू आणि चटणी यांचेच काम त्या करतात.

याच जेवणात एक अवघड क्षण आला, तोही सांगितला पाहिजे. पदार्थांच्या यादीत तुळशीची पाने घालून परतलेला एक पदार्थ होता. थाई लोक ज्या पानाला ‘कप्राओ’ म्हणतात ती वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने आपली तुळसच. आणि ते ती मिरची-लसणीबरोबर, बहुधा मांसात घालून, परततात. एका आजींनी हे ऐकताच हात आवरला. नैवेद्यावर ठेवायचे पान कढईत जावे, हे त्यांना सोसण्यासारखे नव्हते. मी त्यांना समजावण्याच्या फंदात पडले नाही, कोणी पडूही नये. दुसऱ्याचे अन्न चाखणे म्हणजे आपल्या श्रद्धेला रजा देणे नव्हे. तसेच ते पान रांधणाऱ्याच्या मनात अवमान नाही हेही आपण जाणावे. त्याच्या अंगणात त्याचे वृंदावन झालेले नाही, इतकेच. त्या आजींनी तो पदार्थ वगळला आणि शेजारचा भोपळ्याचा रस्सा आनंदाने घेतला.

यातूनच पहिल्या शंकेचे उत्तर येते, विशेषतः शाकाहारी कुटुंबांसाठी. थाई स्वयंपाकात मीठ पुष्कळदा मिठाच्या रूपाने येत नाही. ते ‘नाम प्ला’ या नावाने येते. नाम म्हणजे पाणी, प्ला म्हणजे मासा. लहान मासे मिठात महिनोन्महिने मुरवून जो पाझर निघतो तो हा. रश्श्याच्या वाटणात ‘गपि’ हा कोळंबीचा आंबवलेला गोळाही असतो. त्यामुळे भाज्यांचा म्हणून मागवलेला रस्सा शाकाहारी असेलच असे नाही. लाजू नये, आधीच स्पष्ट विचारावे. वाटण येथेच करता की तयार डब्यातले वापरता? त्यात कोळंबी आहे का? नाम प्लाऐवजी मीठ किंवा सोयाचा रस घालाल का? आमच्या प्रश्नावर तेथील वाढप्याने आत जाऊन आचाऱ्याला विचारले आणि येऊन प्रांजळपणे सांगितले की अमुक दोन पदार्थ तुम्हांला चालणार नाहीत. विचारणाऱ्याचा मान त्यामुळे वाढतो, कमी होत नाही. त्या देशातही असे विचारणारे आहेत. चिनी वंशाच्या थाई लोकांत ‘चे’ नावाचा आहारनियम आहे. त्यात मांस-मासे तर नाहीतच, पण कांदा-लसूणही वर्ज्य. त्याचा नऊ दिवसांचा उत्सव बहुधा आपल्या शारदीय नवरात्राच्या सुमारासच येतो. चातुर्मास पाळणाऱ्या घराला हा नियम समजायला कितीसा वेळ लागेल? उलट, आपल्यातील जे मासे खातात त्यांनी नाम प्लाच्या वासाला नाक मुरडण्यापूर्वी जवळ्याची चटणी आणि सुकट यांचे स्मरण करावे.

आता दुसऱ्या, न बोललेल्या शंकेकडे येऊ. परक्या चवींनी आपली चव पुसली जाईल का? याचे उत्तर शोधताना प्रथम पाहावे की आपली चव कशाची बनलेली आहे. आपल्या उपासाची साबुदाण्याची खिचडी घ्या. इतके ‘आपले’ दुसरे काय असेल? परंतु साबुदाणा ज्या कसाव्याच्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. शेंगदाणा तेथलाच, बटाटा तेथलाच आणि हिरवी मिरचीही अमेरिका खंडाचीच. पोर्तुगीजांनी १५१० साली गोवा घेतला, १५११ मध्ये मलाक्का घेतली आणि त्याच वर्षी त्यांचा दूत अयुथ्येच्या दरबारी पोचला. मिरची त्यांच्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आली आणि सयामातही गेली. त्याआधी आपण तिखटासाठी मिरी, पिंपळी आणि आले वापरीत होतो. मिरीवरून आपण नव्या पाहुणीला ‘मिरची’ म्हटले. थाई लोकांनीही तसेच केले: मिरीचे ‘फ्रिक’ हे नाव मिरचीला दिले आणि मूळच्या मिरीला ‘फ्रिक थाई’, म्हणजे थाई फ्रिक, म्हणू लागले. दोन दूरच्या लोकांनी एकाच परक्या वस्तूला एकाच रीतीने घरात घेतले. कसाव्याच्या मोठ्या निर्यातदारांत आज थायलंडची गणना होते, आणि साबुदाणा नारळाच्या दुधात शिजवून ते गोड पदार्थ करतात. आपल्या साबुदाण्याच्या खिरीला ते ताट ओळखीचेच वाटेल.

थायलंडचा जगभर पोचलेला पदार्थ म्हणजे ‘पाद थाई’, चिंच-गुळाच्या आंबटगोड चवीत परतलेल्या तांदळाच्या शेवया. तोही फार जुना नाही. शेवया चिनी स्थलांतरितांनी आणल्या. १९३९ साली सयामचे नाव थायलंड झाले, आणि त्या सुमारास पिबुनसोंग्राम यांच्या सरकारने राष्ट्रभावना जागवण्यासाठी या पदार्थाचा प्रसार केला. युद्धकाळातील तांदळाची चणचण हेही त्याचे एक कारण सांगतात. आपल्या बंगळुरातील रवा इडलीचीही कथा अशीच आहे. १९२४ साली सुरू झालेल्या मावळ्ळी टिफिन रूम्समध्ये दुसऱ्या महायुद्धात तांदूळ मिळेना, तेव्हा रव्याची इडली केली गेली, असे ती संस्था सांगते. आज रवा इडली कोणाला परकी वाटते? टंचाईतून आलेला पदार्थ एका पिढीत घरचा होतो.

मग भीती निराधार आहे का? मी तसे म्हणणार नाही. त्या संध्याकाळी काकूंनी ‘कोशिंबीर’ म्हटले तेव्हा शेजारी बसलेल्या त्यांच्या चौदा वर्षांच्या नातवाने विचारले, ‘म्हणजे काय?’ त्याने सोम ताम तीनदा खाल्ले होते. खमंग काकडी त्याच्या घरी कित्येक वर्षांत झाली नव्हती. त्यात त्या मुलाचा दोष नव्हता, कामावरून रात्री आठला परतणाऱ्या त्याच्या आई-वडिलांनाही बोल लावता येणार नाही, आणि त्या थाई आचाऱ्याचा तर अजिबातच नाही. काकडीच्या कोशिंबिरीची जागा पपईच्या किसाने हिरावून घेतली नव्हती; ती जागा आधीच रिकामी पडली होती. मला जे सांगायचे आहे ते हेच. आपली चव दुसऱ्याच्या ताटाने जात नाही. ती आपल्या स्वयंपाकघरातून कधी गेली, हे दुसऱ्याच्या ताटावर बसल्यावर आपल्या लक्षात येते.

म्हणून मुलांना अडवण्याने काही साधणार नाही. त्यांच्याबरोबर जावे, आणि ज्येष्ठांना बरोबर घेऊन जावे. ज्याला चिंच-गुळाची आमटी ठाऊक आहे त्यालाच पाद थाईतील चिंचेचे काम कळते, आणि सोलकढी प्यालेल्या जिभेलाच नारळाच्या दुधाची प्रत ओळखता येते. घरची चव पक्की असेल तर परकी चव अधिक रंगते. शेवटी गोड म्हणून चिकट भाताबरोबर आंबा आणि नारळाचे दूध आले, तेव्हा साऱ्या आज्या एकदम नारळीभाताविषयी बोलू लागल्या आणि मुले ऐकू लागली. घरी हा विषय काढला असता तर किती मुले थांबली असती?

याच अनुभवावरून मंडळापुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळाने पन्नास वर्षे गणेशोत्सव केला, नाटके केली, ग्रंथालय चालवले. आता दर दोन महिन्यांनी एक रविवार चवीसाठी राखावा. सकाळी एखाद्या ज्येष्ठ भगिनीने वा बंधूने आपल्या गावचा एक पदार्थ मुलांकडून करून घ्यावा. पाहून नव्हे, हात घालून. सांगलीचा असो, कारवारचा असो, नागपूरचा असो वा तंजावरी मराठी घराण्यातला. संध्याकाळी त्याच मंडळींनी वस्तीतील एखाद्या अनोळखी उपाहारगृहात एकत्र बसावे. सकाळचा पदार्थ पाककृतीसह एका वहीत उतरवावा, मापे वाटी-चमच्याने लिहावीत, आणि ‘अंदाजाने’ हा शब्द त्या वहीत वर्ज्य करावा; कारण आपल्या आज्यांचा अंदाज त्यांच्याबरोबर जातो, नातवंडांना तो वारशाने मिळत नाही.

पुढच्या पन्नास वर्षांत या वस्तीत आणखी कोणकोणती ताटे येतील हे आज सांगता येत नाही. ती येवोत. त्यांच्यापुढे बसणाऱ्या मुलाला ‘हे आपल्या अमुक पदार्थासारखे लागते’ असे म्हणता आले पाहिजे. त्या वाक्यातील ‘अमुक’ जिवंत ठेवणे हे आपले काम आहे.